रूपालीच्या नावावर

घटस्थापना चार दिवसांवर आली होती आणि शेवंतीचा पहिला तोडा सुरू झाला होता. छाया सरीत उतरली, तिची दोन झाडं खुडून झाली, तेवढ्यात मागून सासू आली आणि तिनं छायाच्या हातातली टोपली काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे तू. मी अन् रूपाली खुडतो."

"का ओ आत्या? एवढा तोडा दोघींनी उरकणार हाय का?"

छायानं खुडलेली फुलं टोपलीतून वेचून साळूबाई ती बांधावर टाकत होती. "देवाला जातेत ही फुलं," ती म्हणाली. "काल फुलबाजारात त्या हारवाल्यानं इचारलं, आजी, तुमच्या सुनंच्या हाताला काय झालंय? काय सांगू मी त्याला?"

छायानं दोन्ही हात पदराखाली घेतले. पलीकडच्या सरीत तिची धाकटी जाऊ रूपाली खाली मान घालून फुलं खुडत राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं.

बोटांच्या बेचक्यांत छायाची कातडी फाटली होती. तिथून पाणी सुटायचं, वाळून पापुद्रा धरायचा, मूठ वळली की परत फुटायचा. सुरुवात बेचक्यांतूनच झाली होती. मग मनगटावर आलं, मग कानाच्या पाळ्यांवर. हल्ली चोळीच्या हुकांखाली छातीवर एका रेषेत लाल टिकल्या उठायच्या. चकचकीत काहीही अंगाला लागलं की तासाभरात तिथं आग. पिन नको, कानातलं नको, आता तर बाजारातली सुट्टी नाणीसुद्धा तिला मुठीत धरवत नव्हती. लिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, हळद झाली, मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब झाली. ट्यूब लावली की आठ दिवस बरं वाटायचं. पोरगी तेजस्विनी अकरा वर्षांची. मागच्या आठवड्यात ती म्हणाली होती, "मम्मी, माझी वेणी आजी घालंल." तेव्हापासून छायानं कंगव्याला हात लावला नव्हता.

ती वावरातून निघाली आणि घरी न जाता तशीच कामावर गेली.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी जिथून उजव्या हाताला दिसतात, तिथं त्यांची भोकरवाडी. पाऊण तासावर शहर, त्यामुळं गाव फुलांवर आणि पालेभाजीवर जगायचं. चार-पाच वर्षांपूर्वी गावाच्या वरच्या माळावर एक कंपनी उभी राहिली. ओरिसाकडून ट्रेलर यायचे, त्यांत माणसाच्या उंचीच्या पांढऱ्या पिशव्या, आणि पिशव्यांत तांबडी, जड माती. तिकडं डोंगरच्या डोंगर वरून खरवडून काढतात, झाडं-झुडपं, गवत सगळं बाजूला लोटतात आणि खालची माती भरतात, असं एका ट्रेलरवाल्यानं सांगितलं होतं. "पहाड़ की चमड़ी उतारते हैं, भाभी," असं म्हणून तो हसला होता. इथं ती माती बायका अंगणात पसरून वाळवायच्या, ढेकळं मोगरीनं फोडायच्या, क्रशरला घालायच्या, चाळायच्या. मग आत टाक्यांमध्ये ती ॲसिडात शिजायची. शेवटी जे निघायचं ते हिरवंगार, खडीसाखरेसारखं. त्याला निकेलचा माल म्हणायचे. गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागतो म्हणे.

छाया दोन वर्षं अंगणात होती. नंतर तिचा हात स्वच्छ आणि चपळ म्हणून तिला हिरव्या मालाच्या पॅकिंगला घेतलं. खोलीत पंखा लावायची बंदी, माल उडतो म्हणून. घामानं हात ओले आणि ओल्या हाताला हिरवं चिकटलेलं. हातमोजे तपासणीला कुणी येणार असलं की निघायचे, साहेब गेले की मोजून परत कपाटात.

आणि चार वर्षं तिथं तिला कुणीही छाया म्हणून हाक मारली नव्हती.

त्याचं असं झालं. कंपनीत पहिल्यांदा नाव लागलं ते रूपालीचं. ती बारावी झालेली, शिवाय तिचा नवरा ललित तिथंच क्रशरवर होता. गेटपास निघाला, विम्याचं कार्ड निघालं. दोन महिने काम केलं आणि तिला दिवस गेले. डॉक्टरनं उठायचं नाही म्हणून सांगितलं. मजुरांचा ठेकेदार शेखर घरी आला. अंगणात बाजेवर बसून चहा पिता पिता म्हणाला, "कार्ड कशाला रद्द करता? पुन्हा नवीन कागद, नवीन लफडं. ही थोरली येऊ दे ना. पासावरच्या फोटोत पदरच दिसतोय निम्मा. गेटवर विचारलं तर सांगायचं, रूपाली ललित."

"चालंल का पण?" छायाचा नवरा वाळू म्हणाला होता.

"मी हाय ना!"

एका घरातल्या दोघी जावा. पगार रूपालीच्या खात्यात पडला काय अन् छायाच्या पडला काय, यायचा एकाच घरात. छाया दुसऱ्या दिवशी गेटवर गेली आणि म्हणाली, "रूपाली ललित." जीभ जरा अडखळली. आठ दिवसांनी अडखळायची थांबली.

टोपली काढून घेतली त्या दिवशी पॅकिंगच्या खोलीत तिची बोटं मिटेनात. पिशवीचं तोंड शिवायचं मशीन हातातून सुटलं. मुकादमानं तिला कंपनीच्या दवाखान्यात पाठवलं. दवाखाना म्हणजे एक खाट, एक टेबल आणि आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर. त्यानं हात लांबूनच पाहिले.

"घरी काय काम करता?"

"वावर हाय. फुलं लावतो."

"कोणती?"

"शेवंती. झेंडू बी असतो."

"मग झालं!" डॉक्टर खुर्चीत मागं रेलला. "शेवंतीची ॲलर्जी आहे ही. फार बायकांना होते. फुलांत जायचं बंद करा."

"पण सायेब, हे इथं पॅकिंगला आल्यापासनं…"

"मी काय सांगतोय? फुलं बंद." त्यानं तसा कागद लिहून दिला आणि त्यावर शिक्का मारला.

संध्याकाळी छायानं तो कागद वाळूपुढं ठेवला. वाळू कमी बोलणारा माणूस. रोज तो बघायचा, चुलीपुढून उठताना छाया हात दाराच्या चौकटीवर घासायची, गुरं खांबाला अंग घासतात तशी. त्यानं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. जेवला आणि झोपला.

सकाळी छाया कामावर गेल्यावर त्यानं शेजारच्या वस्तीवरून रोटाव्हेटर आणला आणि सगळी शेवंती मोडली. पिवळी, पांढरी, ऐन भरातली, नवरात्राच्या तोंडावरची. साळूबाई धावत गेली तोवर निम्मं वावर काळं झालं होतं.

छाया परत आली तेव्हा सासू बांधावर बसली होती. तिचा आवाज बसला होता.

"पोटच्या पोरावानी वाढवली होती गं ती झाडं. एक तोडा झाला नाय धड. बघ, तुह्या नवऱ्यानं काय करून ठिवलं."

छाया वावरात गेली. वाळू मोडलेली झाडं दाताळ्यानं गोळा करून कडेला ढीग लावत होता. मातीत फुलं मिसळलेली होती, वास मात्र अजून ताजा होता.

"असं का केलं ओ?"

"डॉक्टरनं लिवलंय ना."

"मी नसते गेले वावरात. त्यांनी खुडली असती."

"वाऱ्यानं येतंच की घरात," वाळू म्हणाला. काम थांबवलं नाही. "फुलं काय, परत लावता येतील."

लग्नाला तेरा वर्षं झाली होती, त्यानं तिला कधी शहरात नेऊन साडी घेतली नव्हती की चार शब्द गोड बोलला नव्हता. आणि आज त्यानं उभं पीक मोडलं होतं. ती खाली बसली आणि झाडं गोळा करू लागली. "हात लावू नको!" तो एवढ्या जोरात ओरडला की ती दचकून उठली.

दिवाळी फुलांवाचून गेली. हात बरे झाले नाहीत. उलट आता डोळ्यांच्या पापण्या सुजू लागल्या. मग ललितनंच सांगितलं, विम्याच्या कार्डावर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. कार्ड रूपालीचं होतं, म्हणून दवाखान्याच्या खिडकीवरही छायानं तेच नाव सांगितलं.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं हातमोजे न घालता छायाचे हात हातात घेतले आणि उलटे-पालटे करून पाहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी हात धरला होता. छायाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कंपनीत नेमकं काय हाताळता?"

"निकेल म्हणतेत. हिरवं असतं."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "आणि फुलांचं कुणी सांगितलं?"

छायानं कंपनीच्या डॉक्टरचा कागद दाखवला.

"आपण तपासून बघू. पाठीवर पट्ट्या लावते. एका चौकोनात निकेल, बाकीच्यांत इतर. तुमच्या वावरातलं फूल आणि पान घेऊन या, तेही एका चौकोनात लावू. म्हणजे भांडण मिटेल."

फूल आणायचं कुठून? छाया मोडलेल्या वावरात तासभर फिरली. बांधाला लागून रोटाव्हेटरच्या पात्यातून सुटलेलं एक झाड होतं, त्याला चार खुरटी फुलं आली होती. ती तिनं कागदात बांधून नेली.

दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. ती भिंतीला न टेकता घरात बसून राहिली. साळूबाई भांडी घासता घासता बाहेरून म्हणत होती, "आमच्या काळात बाळंतिणीला बी असं कुणी बसवत नव्हतं."

पट्ट्या काढल्या. दोन दिवसांनी परत बोलावलं आणि पुन्हा पाठ पाहिली. डॉक्टरीणबाईनं मोबाइलवर फोटो काढून तिलाच दाखवला. वरच्या ओळीतला एक चौकोन लाल, सुजलेला, त्यावर पाण्याचे फोड. बाकी पाठ कोरी.

"हे निकेल. आणि हे खालचं तुमचं फूल. काही नाही बघा, डागसुद्धा नाही."

"मग हे बरं कधी होईल बाई?"

"ते काम सुटलं तर हात सुधारतील. पण ॲलर्जी जाणार नाही. जन्मभर सांभाळावं लागेल. निकेल अंगाला लागलं की उठणार." ती लिहू लागली. "हा कामामुळं झालेला आजार आहे, मी तसं स्पष्ट लिहितेय. तुम्हाला या मालापासून लांब, हलकं काम द्यायला हवं त्यांनी. हा कागद जपून ठेवा, रूपालीताई."

छायानं कागद घेतला. वरती नाव होतं, रूपाली ललित. खाली तिच्याच पाठीचं वर्णन होतं.

बाहेर बाकावर वाळू बसला होता. "काय म्हणल्या?"

"निकेलनं झालंय."

"अन् फुलांनी?"

तिनं कागदाची घडी घातली.

"फुलांनी काय म्हणल्या?"

"फुलांनी काय नाय," ती म्हणाली.

वाळू उठला, नळावर गेला, तोंडावर पाणी मारलं. परत आला तरी बसला नाही. "चल, बस जाईल," म्हणाला. बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. नाशिकरोड गेलं तेव्हा तो एकदम म्हणाला, "एक दिवस थांबलो असतो तर." त्या वावरात त्यानं वर्षभर पाय टाकला नाही. गहू पेरायचा तोही ललितनं रविवारी सुट्टीत पेरला.

कागद कंपनीत गेला आणि तिसऱ्या दिवशी शेखर घरी आला. चार वर्षांपूर्वी बसला होता त्याच बाजेवर बसला. ललित होता, वाळू होता, साळूबाई उंबऱ्यात. दोघी जावा आत, दाराच्या आड.

"कागद जोरदार हाय," शेखर म्हणाला. "साहेब टरकलेत. वरून तपासणी लागली तर अवघड जाईल. म्हणून ते म्हणतात, या बाईला पक्की करून स्टोअरला बसवा. सावलीतलं काम. माल नाही, माती नाही. नोंदवही लिहायची."

साळूबाईनं हात जोडले. "देवच पावला बाबा. छायाच्या हाताला आराम पडंल."

शेखर खाकरला. "तेच सांगायला आलोय, आजी. पक्कं करताना आधार लागतं, बोटाचे ठसे लागतात. नाव तर रूपालीचं हाय. छाया नावाची कुणी बाई आमच्याकडं कामालाच नव्हती."

आत रूपालीनं छायाकडं पाहिलं. छाया शेखरच्या बुटांकडं पाहत होती.

"म्हंजी?" वाळू म्हणाला.

"म्हंजी कागद रूपालीचा, काम रूपालीला. नाहीतर खरं बोला. पण मग दुसऱ्याच्या कार्डावर चार वर्षं काम केलं, विम्याचा दवाखाना वापरला, हे सगळं निघंल. मी जाईन, ललित जाईल. तुमची मर्जी."

ललित खाली मान घालून म्हणाला, "वहिनीनं खपायचं अन् हिनं खुर्चीवर बसायचं, हे मला बरं वाटत नाय दादा." पण 'नको' असं तो म्हणाला नाही. वाळूही म्हणाला नाही. शेवंती गेली होती, घराला आता कंपनीचा पगारच उरला होता, आणि त्या दोघांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता छाया कंपनीत गेली. गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमननं नेहमीसारखं विचारलं, "काय रूपाली, बरं हाय का?" तिनं मान हलवली आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"सायेब, माझं नाव छाया वाळू. चार वर्षं इथं मी काम केलंय. रूपाली माही जाऊ. ती दोनच महिने होती."

साहेबांनी चष्मा काढला. "काही पुरावा?"

तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. "हात टेबलावरून काढा, बाई."

तिनं हात खाली घेतले.

"हा आजार रूपाली ललित यांच्या कागदावर आलाय. एकच आजार मी दोन बायकांना कसा देऊ?" त्यांनी वॉचमनला बोलावलं. "ह्यांना ओळखता?"

"हो तर. चार वर्षं बघतोय."

"कोण ह्या?"

"रूपाली, सायेब," वॉचमन म्हणाला. त्यानं खोटं असं काही सांगितलं नव्हतं. त्याला जे माहीत होतं ते सांगितलं होतं.

"काका, मी छाया हाय ओ," ती त्याला म्हणाली. म्हातारा गोंधळला. एकदा तिच्याकडं, एकदा साहेबांकडं बघू लागला.

साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही रूपाली असाल तर सोमवारी ठसे द्यायला या, काम तयार आहे. छाया असाल, तर तुमचा आणि कंपनीचा संबंध नाही. बाहेर जायचा रस्ता वॉचमन दाखवतील."

ती माळावरून चालत खाली आली. अंगणात बायका ऊन बघून तांबडी माती पसरत होत्या. पॅकिंगच्या खोलीत तिच्या जागेवर एक नवी पोरगी बसली होती. तिचे हात उघडे होते आणि कोपरापर्यंत हिरवे झाले होते. छाया खिडकीशी थांबली. "ए, मोजे माग," ती म्हणाली. पोरगी हसली. तिला वाटलं, ही कुणीतरी वेडीबिडी बाई असेल.

घरी आल्यावर कुठं गेली होतीस असं कुणी विचारलं नाही. शेखरनं फोन केला असणार. साळूबाईनं तिच्यापुढं ताट ठेवलं. पितळेची थाळी होती, माळ्यावरून काढून चिंचेनं घासलेली. छायाला स्टील सोसत नाही म्हणून.

"जेव," सासू म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "माहं चुकलं असंल तर चुकलं. पण घर हाय ना गं हे."

छाया जेवली.

सोमवारी सकाळी रूपाली तयार झाली. नवी साडी, केसांना तेल. चार वेळा आरशापुढं गेली आणि चार वेळा परत आली. पोर साळूबाईच्या कडेवर होतं. शेवटी ती छायापुढं येऊन उभी राहिली आणि रडायला लागली.

"ताई, तुम्ही नाय म्हणा. तुम्ही नाय म्हणलं तर मी जात नाय. आईची शप्पथ."

छायानं तिच्याकडं पाहिलं. खरंच गेली नसती ती. तेवढी ती चांगली होती. मग संध्याकाळी ललितचं तोंड, सासूचं तोंड, रिकाम्या वावराकडं पाठ करून बसलेला वाळू. छायानं क्षणभर ते 'नाय' तोंडात धरलं. चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी तिच्या हातात होतं. मग तिनं ते गिळलं.

"जा," ती म्हणाली. "स्टोअरच्या मागं पॅकिंग हाय, तिकडं पाय टाकू नको. डबा खायच्या आधी दोनदा हात धू. कुणी म्हणलं, जरा माल धर, तर धरायचा नाय. साहेब म्हणला तरी नाय."

"हो."

"अन् पदर नीट घे. उशीर होईल."

रूपाली दारापर्यंत गेली आणि वळली. "ताई, गेटवर तो म्हातारा हाय ना. त्यानं मला ओळखलंच नाय तर? काय सांगू?"

छाया तिच्या कोऱ्या, मऊ हातांकडं बघत होती.

"तुहं नाव सांग," ती म्हणाली. "चार वर्षं राबलंय ते तिथं."